पंचाचा निकाल : फुटबॉल मॅनेजर खेळांचा इतिहास



या मालिकेत आपण आजवर लढायांबद्दल बोललो, रसदीबद्दल बोललो, नकाशांबद्दल बोललो. आजचा विषय आहे कॉम्प्युटरवरचा एक खेळ. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, जिथून कुठून तुम्ही हे ऐकलंत किंवा आता वाचताय, तिथल्या काही ज्येष्ठांच्या भुवया वर गेल्या असतील. निवृत्त फौजी माणसानं ‘गेम’वर काय बोलायचं? तर थोडी कळ काढा. हा खेळ ज्या घराण्यातला आहे, त्या घराण्याचा मूळपुरुष फौजीच होता.

आधी खेळ काय आहे ते सांगतो. फुटबॉलचा गेम म्हटलं की बटणं दाबून पळवलेले खेळाडू डोळ्यांसमोर येतात. इथे तसं नाही. या खेळात चेंडू तुमच्या पायाशी कधीच येत नाही. तुम्ही क्लबचे मॅनेजर असता. कोणते अकरा उतरवायचे, कोणाला बाकावर बसवायचं, बचावफळी किती पुढे आणायची, कोणता खेळाडू विकून कोणता घ्यायचा, सरावात कशावर भर द्यायचा, हे सगळं तुम्ही ठरवायचं. सामना सुरू झाला की तुम्ही रेषेबाहेर. फार तर ओरडून सूचना द्यायची, बदली खेळाडू उतरवायचा. बाकी जे व्हायचं ते तुमच्या डोळ्यांदेखत होतं आणि त्याचा जाब मात्र तुम्हालाच द्यावा लागतो.

ज्यानं कधी एखादी तुकडी सांभाळली आहे, त्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. हुकूम आपला, पाय दुसऱ्याचे. मला या खेळाची गोडी लागली ती याच कारणानं.

प्रशियातलं टेबल

आता मूळपुरुषाकडे वळू. १८१२ साली प्रशियात बॅरन फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजा तिसरा फ्रीड्रिश विल्हेल्म याच्यासाठी एक टेबल बनवलं. टेबलावर टेकड्या, नद्या, गावं यांचे हलवता येणारे तुकडे होते, आणि सैन्याच्या जागी ठोकळे. त्यांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्यानं १८२४ मध्ये हा खेळ नव्यानं बांधला आणि त्याचे नियम छापले. टेबलाऐवजी १:८००० प्रमाणाचे खरे नकाशे आले. मारगिरीचा परिणाम ठरवायला तक्ते आणि फासे आले. जर्मन भाषेत या खेळाला ‘क्रीग्जश्पील’ म्हणतात, म्हणजे युद्धखेळ.

यातली सगळ्यांत महत्त्वाची कल्पना होती पंचाची. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम पंचाकडे लिहून द्यायचे. पंच ते अंमलात आणणार, फासे टाकणार, तक्ता बघणार आणि निकाल सांगणार. शत्रूच्या ज्या तुकड्या तुम्हाला खरोखर दिसल्या असत्या, तेवढ्याच तो नकाशावर मांडणार. म्हणजे खेळणाऱ्याला पूर्ण चित्र कधीच मिळत नाही. प्रशियाचे सेनाप्रमुख फॉन म्युफलिंग हे बघायला आले ते साशंक होते, असं सांगतात. उठले ते पक्के समर्थक होऊन, आणि हा खेळ सैन्यात वापरावा अशी त्यांनी शिफारस केली.

पुढे एक वाद निघाला. तक्ते आणि फासे यांच्या आकडेमोडीत खेळ फार रेंगाळतो, अशी अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८७६ मध्ये फॉन व्हर्डी दु व्हर्न्वा या जनरलनं सांगितलं की अनुभवी पंचाला तक्ता कशाला लागतो? त्याच्या निर्णयावर भिस्त ठेवा. तक्त्यानं बांधलेला पंच बरा की स्वतःच्या अकलेनं चालणारा, हा वाद तेव्हापासूनचा. सँड मॉडेलभोवती उभं राहून ज्यांनी तासन् तास काढले आहेत त्यांनी तो वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेला असतो. फुटबॉल मॅनेजरचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : पंच कोण, त्याच्याकडे माहिती कुठून येते, आणि त्याचा निकाल आपण मान्य करतो का?

१६ किलोबाइटचा पंच

१९८२. इंग्लंडमध्ये घरगुती कॉम्प्युटर नुकते स्वस्त झाले होते. केव्हिन टॉम्स नावाच्या प्रोग्रॅमरला लहानपणापासून पटावरचे खेळ बनवायचा नाद. फुटबॉल मॅनेजरचा खेळ त्याला पटावरच करायचा होता, पण गुणतक्ता, वेळापत्रक, खेळाडूंचे बदलते गुण हे सगळं कागदावर सांभाळणं जिकिरीचं. कॉम्प्युटरनं ती हमाली उचलली. त्यानं ‘फुटबॉल मॅनेजर’ लिहिला, ‘अ‍ॅडिक्टिव्ह गेम्स’ नावानं स्वतःची कंपनी काढली आणि मासिकांत जाहिराती देऊन टपालानं कॅसेट विकायला सुरुवात केली. जाहिरातीत आणि वेष्टणावर त्याचा स्वतःचा दाढीवाला हसरा चेहरा असायचा.

‘झेडएक्स ८१’ या कॉम्प्युटरवर हा खेळ चालवायला १६ किलोबाइटची जादा स्मृती जोडावी लागे. आज तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्याच्या शंभरपट जागा घेतो. एवढ्याशा जागेत टॉम्सनं चार श्रेणींची लीग, कप, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि बँकेचं कर्जसुद्धा बसवलं. प्रत्येक खेळाडूला दोन मुख्य आकडे : कौशल्य आणि दम. खेळवलं की दम कमी होतो, विश्रांती दिली की भरून येतो. सुरुवात सगळ्यांत खालच्या श्रेणीतून.

गंमत बघा. दोनच आकडे, पण त्यांतून खरा पेच तयार होतो. उद्याचा सामना जिंकायचा तर सर्वोत्तम माणूस उतरवायला हवा, आणि महिनाभर टिकायचं तर त्याला बसवायला हवं. कुठल्याही पलटणीत हा पेच रोज सकाळी उभा असतो. स्पेक्ट्रमवरच्या आवृत्तीत गोलाच्या संधी काडीच्या माणसांनी दाखवल्या जात. तो काडीचा माणूस गोलजवळ पोहोचला की लोक खुर्चीच्या कडेवर येऊन बसत. चित्र गरीब होतं, पण निर्णय आपला होता, म्हणून जीव टांगणीला लागायचा.

दोन भाऊ आणि भरपूर मजकूर

पुढचं पाऊल टाकलं पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात, घरातल्या खोलीत बसून त्यांनी १९८५ च्या सुमारास आपला खेळ लिहायला घेतला. पुरा झाल्यावर तो प्रकाशकांकडे पाठवला, तर अनेकांनी परत केला. हलती चित्रं नाहीत, धावणारे खेळाडू नाहीत, हे कोण विकत घेणार? शेवटी ‘डोमार्क’ कंपनीनं तो घेतला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ बाजारात आला.

पहिल्या आवृत्तीत क्लब खरे, पण खेळाडू काल्पनिक होते. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ९३’ मध्ये खऱ्या खेळाडूंची नावं आली आणि चित्र पालटलं. शनिवारी मैदानावर पाहिलेला माणूस रविवारी तुमच्या हाताखाली! त्याला विकायचं की ठेवायचं, हे तुम्ही ठरवणार! १९९३ मध्येच इटालियन लीगची आवृत्ती निघाली, १९९५ मध्ये दुसरा भाग आला, १९९९ मध्ये तिसरा. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’ मध्ये २६ देशांच्या लीग होत्या.

या सगळ्या काळात सामना म्हणजे पडद्यावर लुकलुकणारी एक ओळ असायची. ‘चेंडू आत येतोय’, ‘हेडर’, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग निकाल. वायरलेसवर आघाडीची खबर ऐकणाऱ्या माणसासारखं. दिसत काही नाही, शब्द मोजके, आणि मधली शांतता सगळ्यांत वाईट. आकाशवाणीवर धावतं वर्णन ऐकून मोठ्या झालेल्या पिढीला यातली मजा समजावून सांगावी लागत नाही.

०१/०२ ही आवृत्ती कंपनीनं २००८ मध्ये विनामूल्य खुली केली. हौशी मंडळी आजही त्यात दरवर्षी नवे खेळाडू भरून ती खेळतात. कॉम्प्युटरच्या जगात एवढं आयुष्य क्वचित कोणाला मिळतं.

हजार डोळे

खरी नावं आली तशी एक नवी जबाबदारी आली. खऱ्या माणसाला आकडा द्यायचा तर तो द्यायचा कोणी?

कॉलियर बंधूंच्या ‘स्पोर्ट्‌स इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीनं उत्तर शोधलं ते चाहत्यांत. प्रत्येक क्लबचा एखादा निष्ठावान प्रेक्षक गाठायचा. तो दर सामन्याला जातो, राखीव संघाचे सामनेही बघतो, सोळा वर्षांच्या पोरांची नावंही त्याला पाठ असतात. त्यानं खेळाडूंना १ ते २० मध्ये गुण द्यायचे : पास, हेडर, वेग, जिद्द, शांत डोकं, असे कितीतरी. त्याखेरीज काही गुण खेळणाऱ्यापासून लपवलेले असतात. आजची कुवत किती आणि पुढे ती कुठवर जाईल, हे दोन्ही २०० पैकी मोजतात. दुखापतीची प्रवृत्ती, मोठ्या सामन्यात कच खाणं, हेही आत कुठेतरी नोंदलेलं असतं. आज अशी हजारांहून अधिक माणसं जगभर हे काम करतात. बहुतेक हौशी. भारतीय लीगसुद्धा या खेळात घेता येते, म्हणजे आपल्या खेळाडूंनाही कोणीतरी सामने बघून हे आकडे दिलेले असतात.

फौजी भाषेत हे इंटेलिजन्सचं जाळं आहे, आणि अशा जाळ्याचे सगळे गुणदोष त्यात आहेत. एक नमुना सांगतो. ०१/०२ मध्ये पोर्तुगालच्या खालच्या श्रेणीतल्या गोव्हेया नावाच्या छोट्या क्लबात टो माडेरा नावाचा आघाडीचा खेळाडू होता. कवडीमोलानं मिळायचा आणि गोलांचा सडा घालायचा. जगभर लोकांनी त्याला विकत घेतलं. पुढे कळलं की तिथल्या माहितीदारानं स्वतःलाच खेळात घुसवलं होतं आणि गुण हात सैल सोडून दिले होते! नंतरच्या दुरुस्तीत टो माडेरा गायब झाला. खबऱ्यानं दिलेली खबर दुसऱ्या वाटेनं ताडून घ्यावी हा धडा यात आहे, आणि हसू आणणारा आहे.

दुसरा धडा हसू आणणारा नाही. शेर्नो सांबा हा गांबियात जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला मुलगा. मिलवॉल क्लबच्या कुमार संघात असताना त्याचं नाव इतकं झालं की लिव्हरपूलनं त्याच्यासाठी प्रयत्न केले; पण व्यवहार फिसकटला. खेळात त्याची भावी कुवत प्रचंड दाखवली होती. लाखो लोकांच्या कॉम्प्युटरवर तो इंग्लंडचा महान स्ट्रायकर झाला. प्रत्यक्षात मिलवॉलच्या मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. पुढे स्पेन, फिनलंड, ग्रीस असा फिरत राहिला आणि गांबियाच्या राष्ट्रीय संघातून खेळला. टोन्टोन झोला मोकोको याचंही तसंच. किन्शासामध्ये जन्म, स्वीडनमध्ये बालपण, मग इंग्लंडचा डर्बी काउंटी क्लब. खेळात हिरा, पण डर्बीच्या मुख्य संघात एकदाही उतरला नाही. लोक आजही या दोघांना ओळखतात ते कॉम्प्युटरमधल्या गोलांसाठी. ते गोल त्यांनी कधी मारलेच नव्हते.

मंडळी, आपल्या सैन्यात वार्षिक गोपनीय अहवाल असतो. त्यात हाताखालच्या अधिकाऱ्याला १ ते ९ मध्ये आकडे द्यायचे असतात. मी ते आकडे घेतले आहेत आणि दिलेही आहेत. लिहिताना जाणवतं की हा आकडा म्हणजे त्या माणसाबद्दलचं एका माणसाचं, एका वर्षाचं मत आहे. पण कागदावर उतरला की मत मागे पडतं आणि आकडा त्या माणसाच्या पुढे चालायला लागतो. सोळा वर्षांच्या पोराला कोणी १८० लिहिलं, तर त्यात दुखापत मोजलेली नसते, घरचं दुःख मोजलेलं नसतं, आणि कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो पडेल हेही नसतं. खेळ बनवणाऱ्यांनी हे ओळखलं. पुढच्या आवृत्त्यांत काही तरुणांची भावी कुवत एक आकडा न देता पल्ल्यात ठेवली जाते, आणि दर नव्या डावात ती थोडी वेगळी निघते. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो.

खेळाकडून मैदानाकडे

इतकी माहिती एकत्र साठली की खऱ्या क्लबांचं लक्ष जाणारच. २००८ मध्ये इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबनं हा माहितीसाठा खेळाडू शोधण्यासाठी वापरायचा करार केला. २०१४ मध्ये क्लबांना आकडेवारी पुरवणाऱ्या ‘प्रोझोन’ कंपनीनं तो आपल्या यंत्रणेत जोडला. प्रेक्षकांच्या हौसेतून उभं राहिलेलं जाळं व्यावसायिकांच्या टेबलावर पोहोचलं. परदेशी खेळाडूवर निर्णय घेताना कोणी फक्त यावर विसंबेल असं नाही. पण कोणाला बघायला माणूस पाठवायचा, ती यादी करायला हे जाळं उपयोगी पडतं. रेकीला कुठे जायचं हे नकाशा सांगतो. रेकी मात्र पायांनीच करावी लागते.

२०१२ मध्ये अझरबैजानच्या बाकू क्लबनं एकविशीतल्या एका विद्यार्थ्याला राखीव संघाची जबाबदारी दिली, आणि त्याचा अनुभव म्हणजे हा गेम, अशा बातम्या जगभर झळकल्या. पण मला विल स्टिल यांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. बेल्जियममध्ये जन्मलेले हे इंग्लिश गृहस्थ ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या रेंस क्लबचे प्रशिक्षक झाले तेव्हा तीस वर्षांचे होते. सर्वोच्च श्रेणीसाठी लागणारा परवाना तेव्हा त्यांच्याकडे नव्हता, म्हणून क्लबला दर सामन्यामागे २५,००० युरो दंड पडत होता. तरी लीगमध्ये सलग १७ सामने त्यांचा संघ हरला नाही. मेस्सी-एमबाप्पेच्या पॅरिस सेंट-जर्मेंशी त्यांच्याच मैदानावर बरोबरी साधली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की गेम खेळणारा पोरगा प्रशिक्षक झाला. त्या मथळ्यांत एक गोष्ट मागे पडली. स्टिल यांनी इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं आणि बेल्जियमच्या क्लबांत सामन्यांच्या चित्रफिती कापण्यापासून सुरुवात केली होती. गेमनं त्यांना गोडी लावली, वाट त्यांनी पायी काटली. घरात गेम खेळणारा नातू असेल तर त्याला ही गोष्ट पूर्ण सांगा, अर्धी नको.

झेंडा आणि पलटण

२००३ मध्ये एक फाटाफूट झाली. कॉलियर बंधूंची कंपनी आणि प्रकाशक ‘आयडॉस’ वेगळे झाले. वाटणी अशी, की ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हे नाव प्रकाशकाकडे राहिलं. खेळाचा गाभा आणि माहितीसाठा भावांकडे. झेंडा एकाकडे, पलटण दुसऱ्याकडे.

भावांनी ‘सेगा’शी हात मिळवला. नाव घेतलं ‘फुटबॉल मॅनेजर’, म्हणजे टॉम्सचं १९८२ चंच. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ आला. प्रतिस्पर्ध्यानं नवी माणसं घेऊन जुन्या नावाचा पाचवा भाग काढला, तो उशिरा आला आणि अर्धवट होता. लोकांनी नाव सोडलं आणि जाळ्यामागे गेले. काही वर्षांत जुन्या नावाची कॉम्प्युटरवरची मालिका बंद पडली. संस्थेचं बळ पाटीत असतं की माणसांत, यावर भाषणं पुष्कळ होतात; इथे बाजारानं कौल दिला.

त्याच २००५ च्या आवृत्तीवर डिसेंबर २००४ मध्ये चीननं बंदी घातली. कारण काय, तर माहितीसाठ्यात तैवान आणि तिबेट ही वेगळी नावं देशांच्या यादीत होती. नकाशा कधीच निव्वळ नकाशा नसतो, हे आपण या मालिकेत अनेकदा बोललो आहोत. यादीचंही तेच. पुढे ब्रिटनच्या सार्वमतानंतर आलेल्या २०१७ च्या आवृत्तीत ब्रेक्झिटच्या वेगवेगळ्या शक्यता घातल्या होत्या : परदेशी खेळाडूंचे परवाने सैल राहिले तर काय, कडक झाले तर काय. दर डावात वेगळा निकाल निघे. धोरणाचा परिणाम एका क्लबच्या पगारपत्रकात कसा उतरतो, हे अनेक तरुणांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

पंच आणि हरलेला डाव

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या खेळात पंच म्हणजे सामन्याचा निकाल काढणारा प्रोग्रॅम. २००३ च्या चौथ्या भागात मैदान वरून दिसायला लागलं, ठिपके धावायला लागले. २००९ च्या आवृत्तीपासून त्रिमिती सामना आला. पंच आता काय करतोय ते दिसू लागलं, आणि त्याच्या उणिवाही दिसू लागल्या. २००३ च्याच सुमारास ‘डायब्लो’ नावाची एक रचना गाजली. मधल्या फळीतला एक माणूस असा पुढे सोडायचा की बचावाला तो सापडतच नसे. कोणताही संघ घ्या, गोलच गोल. अलीकडे हौशी लोकांनी कॉम्प्युटरला हजारो सामने खेळायला लावून दाखवलं की वेग आणि धाव घेण्याची झेप या गुणांना पंच इतर गुणांपेक्षा कितीतरी जास्त किंमत देतो.

म्हणजे राइसविट्झच्या तक्त्याचाच प्रश्न. तक्ता पाठ झाला की माणूस युद्ध खेळत नाही, तक्ता खेळतो.

पण खेळणाऱ्याचा दोष याहून मोठा. सामना हरला की अनेक जण खेळ बंद करतात, आधी साठवलेला डाव पुन्हा उघडतात आणि तोच सामना परत खेळतात. जिंकेपर्यंत. निरुपद्रवी वाटतं ना? मग मिडवे आठवा. मे १९४२ मध्ये जपानी नौदलानं मिडवेच्या मोहिमेचा सराव टेबलावर केला. फाशांनी अमेरिकन विमानांचे नऊ मारे यशस्वी ठरवले आणि जपानची दोन विमानवाहू जहाजं बुडाली. मुख्य पंच अ‍ॅडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले आणि बुडालेल्यांपैकी एक जहाज पुन्हा वर काढलं, असा वृत्तान्त जपानी वैमानिक फुचिदा यांनी युद्धानंतर दिला. त्या फाशांचा किती अर्थ काढायचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढचं सर्वश्रुत आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष लढाईत जपाननं चार विमानवाहू जहाजं गमावली. ती पुन्हा वर काढणारा पंच समुद्रावर नव्हता.

टेबलावरचा पराभव ही सगळ्यांत स्वस्तात मिळणारी माहिती. ती पुसून टाकली की हाती उरतं फक्त मनोरंजन.

परीक्षण कसं करावं

या प्रकारच्या खेळांवर मी बोलतो तेव्हा काही श्रोते विचारतात, की यांचं परीक्षण कसं करायचं? चित्रपट तीन तासांत संपतो. इथे एक मोसम नीट खेळायचा तर कित्येक संध्याकाळी जातात, आणि खेळाचा खरा स्वभाव तिसऱ्या-चौथ्या मोसमात कळतो, जेव्हा तुम्ही घडवलेली पोरं मुख्य संघात येतात. पहिल्या दिवशी लिहिलेलं परीक्षण रंगरंगोटीचं असतं. माझ्या चार कसोट्या सांगतो.

पहिली : हरल्यावर कारण सापडतं का? डीब्रीफमध्ये आपण विचारतो, काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. खेळानं या तीन प्रश्नांची उत्तरं शोधण्याइतका पुरावा द्यायला हवा. दुसरी : माहिती अपुरी ठेवली आहे का? ज्या खेळाडूला आपला माणूस कधी बघून आला नाही, त्याचे गुण धूसरच दिसले पाहिजेत. तिसरी : वेगवेगळ्या वाटांनी यश मिळतं का, की एकच रचना सगळं जिंकते? चौथी : खेळाडूला माणसासारखं वागवलं तर फरक पडतो का? बाकावर बसवलेला नाराज होतो का, कर्णधाराचा शब्द चालतो का, दिलेलं वचन मोडलं तर ड्रेसिंगरूम लक्षात ठेवते का?

याच कसोट्या ताज्या आवृत्तीला लावू. ‘फुटबॉल मॅनेजर २५’ कंपनीनं आधी पुढे ढकलला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चक्क रद्द केला. आगाऊ पैसे भरलेल्यांना ते परत दिले. नवं तांत्रिक इंजिन घेतलं होतं आणि काम त्यांच्या अपेक्षेला उतरलं नव्हतं. हल्ला ठरला, तोफा लागल्या, आणि तयारी अपुरी आहे हे ओळखून कमांडरनं थांबायचा हुकूम दिला. असा हुकूम द्यायला हल्ल्यापेक्षा जास्त छाती लागते. ४ नोव्हेंबर २०२५ ला ‘फुटबॉल मॅनेजर २६’ आला. त्यात पहिल्यांदाच महिला फुटबॉलच्या लीग आहेत. जगभरच्या महिला खेळाडूंची अशी नोंद करायची म्हणजे जाळं पुन्हा मुळापासून विणायचं, आणि हे काम मी या मालिकेतलं गेल्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं मानतो. सामना बघायला सुंदर झाला आहे. पण पडद्यांची मांडणी अशी बदलली, की जुन्या खेळाडूंना साधी माहिती शोधायला वणवण करावी लागली, आणि पहिल्या आठवड्यांत तक्रारींचा पूर आला. माझ्या पहिल्या कसोटीवर म्हणूनच तो थोडा उणा पडतो : पुरावा आत आहे, पण हाताशी नाही. बाकी तीन कसोट्यांवर तो टिकतो.

नव्यानं खेळू पाहणाऱ्यांना तीन सूचना. मोठा क्लब घेऊ नका. खालच्या श्रेणीतला, खिशात पैसे नसलेला क्लब घ्या, तिथे प्रत्येक निर्णय चावतो. रात्री अकराला खेळ बंद करा, कारण ‘आणखी एकच सामना’ या वाक्यानं पुष्कळांच्या झोपा मोडल्या आहेत. टॉम्सनं कंपनीचं नाव उगाच ‘व्यसन लावणारे खेळ’ या अर्थाचं ठेवलं नव्हतं. आणि तिसरी, हरलेला डाव पुन्हा उघडू नका. वही घ्या, का हरलो ते चार ओळींत लिहा, आणि पुढच्या सामन्याला चला.

तुमच्यापैकी जे हा खेळ खेळतात त्यांनी आपला क्लब कोणता, आणि सगळ्यांत जास्त शिकवून गेलेला पराभव कोणता, ते जरूर कळवा. विजयाच्या गोष्टी सगळेच सांगतात.

जय हिंद!